दीड हजार नेमके कुणाच्या खिशातले?

‘आमच्या टॅक्सच्या पैशावर चाललंय हे सगळं.’

२०२४ च्या पावसाळ्यापासून हे वाक्य मी कोल्हापुरात कुठे ऐकलं नाही ते विचारा. रंकाळ्यावर सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या घोळक्यात ऐकलं, मिसळीच्या टेबलावर ऐकलं, लग्नाच्या पंगतीत ऐकलं आणि ऑफिसात डबे उघडल्यावर तर ते ठरलेलंच. विषय लाडक्या बहिणीचा. बोलणारा बहुतेक वेळा पगारदार असतो. दर महिन्याला त्याचा टीडीएस कापला जातो, मुलांच्या फीचे हप्ते चालू असतात, घरासमोरचा रस्ता तीनदा उकरलेला असतो. त्याचा राग खोटा नाही. आपण देतो आणि आपल्याला काही मिळत नाही, ही भावना घेऊन माणूस वर्षानुवर्षं जगत असेल, तर शेजारच्या घरात दीड हजार आल्याचा मेसेज वाजला की तो बोलणारच.

पण हे बोलताना टॅक्स भरणाऱ्यांच्या यादीतून तो ज्या बायकांना वगळतो, त्या रोज टॅक्स भरतात. सकाळी उठल्यापासून भरतात. मला हे भाषणानं नाही, हिशेबानं सांगायचंय, कारण हिशेब हेच माझं काम आहे. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मी अकाउंट्स बघते. खरेदीची बिलं, जीएसटीची रिटर्न, वाहतुकीची भाडी आणि कामगारांचे पगार माझ्या टेबलावरून जातात. पैसा कुठून निघतो आणि कुठे जाऊन बसतो, हे रोज बघणाऱ्या माणसाला ‘आमचा टॅक्स’ हे शब्द सहज पचत नाहीत.

पंपावर जाऊ या. पोरगा म्हणतो, ‘झिरो बघा मॅडम.’ आपण झिरो बघतो, मग रुपयांचा आकडा पळताना बघतो, पाचशेची नोट देतो नाहीतर क्यूआर कोड स्कॅन करतो आणि निघतो. माझ्यापुढे रांगेत असते ती बाई बहुधा शंभरचं टाकायला सांगते. २०२५ मध्ये तिच्या त्या शंभरात चाळीसहून जास्त रुपये कर होता. २०२५ च्या एप्रिलमध्ये केंद्रानं दोन रुपयांची वाढ केल्यावर पेट्रोलवरचा केंद्राचा कर लिटरला २१ रुपये ९० पैसे झाला आणि डिझेलवरचा १७ रुपये ८० पैसे. त्यावर राज्याचा व्हॅट. आपल्याकडे पेट्रोलला २५ टक्के आणि शिवाय लिटरमागे ५ रुपये १२ पैसे, डिझेलला २१ टक्के. हा व्हॅट केंद्राचा कर मिळवून झालेल्या रकमेवर बसतो, म्हणजे करावरही कर. बरं, केंद्राच्या त्या २१ रुपये ९० पैशांतले जेमतेम १ रुपया ४० पैसे राज्यांबरोबर वाटून घ्यायच्या रकमेत धरले जातात. बाकीचे सेस आणि विशेष शुल्काच्या नावाखाली येतात, त्यात वाटणी नाही. मग राज्यं आपला व्हॅट सोडायला तयार होत नाहीत, आणि पेट्रोल-डिझेल जीएसटीत आणायचं म्हटलं की दिल्ली आणि मुंबई दोघंही विषय बदलतात. २०२५ च्या सप्टेंबरात जीएसटीचे दर एवढे बदलले, पण इंधन बाहेर ते बाहेरच राहिलं.

जीएसटीच्या बाहेर राहिल्यानं काय होतं, ते हिशेबाच्या खात्यात लगेच दिसतं. फौंड्री पिग आयर्न घेते, वाळू घेते, बाइंडर घेते. त्यावर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट मिळतं, पुढच्या बिलात वळतं होतं. डिझेलवर भरलेल्या कराचं असं क्रेडिट मिळत नाही. जनरेटरला घातलेलं डिझेल असो की ट्रकवाल्यानं टाकीत भरलेलं, त्यातला कर खर्चात मिसळतो, खर्च किमतीत मिसळतो आणि किंमत शेवटी ज्याला पुढे कुणावर ढकलता येत नाही, त्याच्या पदरात पडते. तो कोण? दुकानातून पाव किलो तेल घेणारा, एसटीचं तिकीट काढणारा, कोथिंबिरीची पेंडी घेणारा. आयकर भरायला उत्पन्न लागतं. हा कर भरायला पोट असलं की पुरे.

माझ्या कपाटात एक फाइल आहे, लोकल टेम्पोवाल्यांच्या पत्रांची. डिझेल वाढलं की दोन-तीन दिवसांत लेटरहेडवर पत्र येतं: वाढत्या इंधनदरामुळे भाड्यात अमुक वाढ करणे भाग आहे, तरी सहकार्य करावे. २०२१ ची अशी पत्रं फाइलमध्ये जाडजूड आहेत. २०२२ च्या मार्च-एप्रिलमधलीही आहेत. त्याआधी पाच राज्यांच्या निवडणुका होत्या आणि साडेचार महिने दर जागचे हलले नव्हते. मग २२ मार्चपासून सोळा दिवसांत चौदा वेळा दर वाढले, लिटरला दहा रुपये गेले. पुढे २२ मे २०२२ ला केंद्रानं पेट्रोलवर आठ आणि डिझेलवर सहा रुपये कमी केले. जुलैत राज्यानं पेट्रोलवर पाच आणि डिझेलवर तीन उतरवले. १५ मार्च २०२४ ला लोकसभेच्या तोंडावर आणखी दोन उतरले. भाडं कमी केल्याचं एकही पत्र त्या फाइलमध्ये नाही. टेम्पोवाल्याला मी लबाड म्हणणार नाही. त्याचा टायर महागलाय, इन्शुरन्स वाढलाय, गाडीचा हप्ता थांबलेला नाही. उतरलेल्या दरात त्याचं थोडं भागतं, एवढंच. पण ही फाइल बघितल्यावर ‘पैसे वाटण्यापेक्षा डिझेल स्वस्त करा, सगळ्यांचंच भलं होईल’ हे म्हणणं माझ्या गळी उतरत नाही. डिझेल स्वस्त झालेलं खालपर्यंत पोचत नाही आणि महागलेलं मात्र पोचल्याशिवाय राहत नाही.

ही गोष्ट मला फाइलीपेक्षा नीट समजावली ती आमच्या कोपऱ्यावर भाजी विकणाऱ्या मावशींनी.

मावशी पंचगंगेच्या काठच्या गावातून येतात. पहाटे चार-पाच जणी मिळून एक टेम्पो ठरवतात, माणसी भाडं वेगळं, बुट्टीमागे वेगळं. मार्केट यार्डात लिलावातून माल उचलायचा आणि सात वाजायच्या आत आपापल्या जागी बसायचं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा एका शोरूममध्ये कामाला, त्याची स्वतःची गाडी आहे. एके दिवशी गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा मी विचारलं, ‘मावशी, डिझेल उतरलं तेव्हा टेम्पोवाल्यानं भाडं कमी केलं काय ओ?’

‘कवा उतरलं?’ मावशींनी मेथीच्या पेंडीवर पाणी मारता मारता माझ्याकडे बघितलं. ‘वाढलं की त्योच येऊन सांगतोय. उतरल्यालं मला कुणी सांगितलंच न्हाई बघ.’

मग मी तो प्रश्न विचारला, जो आमच्या ऑफिसात रोज एकमेकांच्या अंगावर फेकला जातो. दीड हजार घ्याल की डिझेल स्वस्त करून घ्याल? मावशींना विचार करावा लागला नाही. ‘डिझेल स्वस्त झालं तर टेम्पोवाल्याचं हुईल, न्हाईतर आमच्या पोराच्या गाडीचं हुईल. माझं काय? ह्ये माझ्या पासबुकात येतंय. मी जातो, मी काढतो, मी ठरवतो.’ आमच्याकडच्या बायका ‘मी जातो, मी करतो’ असंच बोलतात. त्या दिवशी ते ऐकताना मला फार बरं वाटलं.

दीड हजारांचं मावशी काय करतात, तेही सांगते, कारण ‘बायका ते उडवतात’ हेही कानावर येतं. पूर्वी लिलावातला माल त्या उधारीवर उचलायच्या. उधारीच्या मालाला निवड नसते. जे देतील ते घ्यायचं आणि संध्याकाळी हिशेब चुकता करायचा. कधी माल पडून राहिला तर फायनान्सवाल्याच्या आठवड्याच्या हप्त्यातून पैसे फिरवायचे, मग त्या हप्त्यासाठी दुसऱ्या गटातून उचल. आता महिन्यातले काही दिवस त्या रोखीनं घेतात. रोखीनं घेतलं की कोवळी भेंडी निवडता येते आणि चार रुपये कमी करून मागता येतात. सुरुवातीचे हप्ते आले तेव्हा त्यांनी एक वजनकाटा घेतला, बॅटरीवरचा. जुन्या तराजूवर गिऱ्हाइकं शंका घ्यायची, आता घेत नाहीत. हे भांडवल आहे. कुठल्याही बँकेनं त्यांना ते दिलं नसतं.

म्हणून ही योजना बंद करा म्हणणाऱ्यांत मी नाही. २८ जून २०२४ ला अर्थसंकल्पात ती जाहीर झाली, २१ ते ६० (काही दिवसांत ६५) वयाच्या, अडीच लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घरातल्या बायकांसाठी. ऑगस्टमध्ये रक्षाबंधनाच्या आधी दोन महिन्यांचे तीन हजार एकदम आले. निवडणूक नोव्हेंबरात होती. त्या प्रचारात, आपल्याच कोल्हापुरात झालेल्या सभेत, एकवीसशे देऊ असा शब्द महायुतीनं दिला. २०२५ च्या मार्चमधल्या अर्थसंकल्पात ते एकवीसशे नव्हते, आणि योजनेची तरतूद आधीच्या वर्षीच्या ४६ हजार कोटींवरून ३६ हजार कोटींवर आली. नंतर पडताळणी सुरू झाली, २६ लाखांहून अधिक नावांचे हप्ते थांबवले गेले आणि मग ई-केवायसी. निवडणुकीआधी कुणी काही विचारलं नाही आणि निवडणुकीनंतर नवऱ्याचा नाहीतर वडिलांचा आधार नंबर आणि ओटीपी मागितला. ज्यांचे दोघंही नाहीत त्यांनी काय करायचं? मावशी गिऱ्हाईक सोडून दोन सकाळी सेवा केंद्राच्या ओट्यावर बसल्या. साइट चालेना. तिसऱ्या वेळी मुलानं रात्री उशिरा मोबाइलवरून प्रयत्न केला.

चुकीच्या माणसाला पैसे गेले असतील तर ते थांबलेच पाहिजेत, त्यात दुमत नाही. पण पैसे सुरू करताना एक घाई आणि थांबवताना दुसरी, हे ज्या पद्धतीनं झालं त्याचा मला संताप येतो. जे पैसे तिच्याच रोजच्या खरेदीतून जमा झालेत, ते तिच्या खात्यात पोचवताना तिनं कुणाचे उपकार का मानावेत? आणि ते कधी बंद होतील या भीतीत का राहावं?

भीती निराधार नाही. गॅसच्या सबसिडीचं काय झालं, ते आठवून बघा. १ जानेवारी २०१५ पासून देशभर सिलिंडर पूर्ण किमतीला घ्यायचा आणि सबसिडी खात्यात जमा व्हायची, अशी पद्धत आली. तेव्हा फार चर्चा झाली, बँकेत रांगा लागल्या, आधार जोडले गेले. २०२० मध्ये लॉकडाउनमध्ये जगात इंधनाचे भाव पडले, सिलिंडर स्वस्त झाला आणि खात्यात यायचं बंद झालं. तेव्हा कुणी तक्रार केली नाही, कारण दर कमीच होता. मग सिलिंडर हळूहळू चढत हजाराच्या वर गेला, पण सबसिडी परत आली नाही. पुढे २०२२ च्या मेमध्ये ती फक्त उज्ज्वलाच्या ग्राहकांसाठी सुरू झाली, २०० रुपये, आणि २०२३ च्या ऑक्टोबरपासून ३००. बाकीच्या घरांची सबसिडी गेली ती कुठलाही मोर्चा न निघता गेली. किंमत एका ठिकाणी आणि दिलासा दुसऱ्या ठिकाणी ठेवला की दिलासा गुपचूप काढून घेता येतो.

त्याच २०२० मधली आणखी एक जोडी मी विसरू शकत नाही. एप्रिल ते जून, तीन महिने जनधन खातं असलेल्या बायकांना केंद्रानं दरमहा ५०० रुपये दिले. त्या वेळी ते लागणारच होते, चुली बंद पडल्या होत्या. आणि मेच्या पहिल्या आठवड्यात पेट्रोलवरचा कर लिटरला दहा रुपयांनी आणि डिझेलवरचा तेरा रुपयांनी वाढला. जगात तेल मातीमोल झालं होतं, म्हणून पंपावर त्या दिवशी काही वाढलेलं दिसलं नाही. पेट्रोलवरचा केंद्राचा कर जवळजवळ ३३ रुपयांवर गेला. लॉकडाउन उठला, गाड्या रस्त्यावर आल्या आणि जूनच्या ७ तारखेपासून रोज पैशा-पैशानं दर चढत गेले. ५०० रुपये तीन महिने आले. तो कर कमी व्हायला २०२१ ची दिवाळी उजाडली.

कॅनडात याच्या अगदी उलटं घडलं. तिथे २०१९ पासून इंधनावर कार्बन शुल्क होतं, आणि त्यातून आलेले बहुतेक पैसे सरकार घराघरांना परत करायचं, पुढे तर दर तीन महिन्यांनी थेट खात्यात. बऱ्याच घरांना भरल्यापेक्षा जास्त परत मिळत होतं. पण पंपावरचा आकडा रोज डोळ्यांपुढे आणि परतावा खात्यात असा यायचा की तो कशाचा, हे अनेकांना कळायचंच नाही. आपल्याला काही मिळतं, हेच कित्येकांना ठाऊक नव्हतं. लोकमत त्या शुल्काच्या विरोधात गेलं आणि १ एप्रिल २०२५ पासून घरगुती ग्राहकांवरचं ते शुल्क बंद झालं, पाठोपाठ परतावाही. तिथे कर दिसायचा, परतावा दिसायचा नाही. आपल्याकडे परतावा फोटोसकट दिसतो आणि कर दिसत नाही. दोन्हीकडे लोकांचं मत अर्ध्याच हिशेबावर बनतं.

कोल्हापूरला पूर्ण हिशेब मागता येत नाही असं नाही. टोलचं आंदोलन आठवा. शहराच्या वेशीवर नाके उभे राहिले, आपल्याच गावात शिरायला पैसे मागितले गेले आणि गावानं ‘टोल देणार नाही’ म्हणून वर्षानुवर्षं किल्ला लढवला. एन. डी. पाटील त्या वयात रस्त्यावर उतरले, गोविंद पानसरे होते, तालमी आणि पेठा होत्या, बायका होत्या. २०१५ च्या अखेरीस टोल रद्द झाला. तो विजय खरा होता, मला आजही त्याचा अभिमान वाटतो. पण रस्ते बांधणाऱ्या कंपनीची भरपाई पुढे सरकारी तिजोरीतून गेली आणि त्या तिजोरीत पेट्रोल-डिझेलच्या व्हॅटचा मोठा वाटा असतो. नाका होता तोवर हात पुढे करणारा माणूस समोर दिसत होता. पंपावर तसा माणूस नाही, तिथे कुणाशी भांडणार?

कागल ओलांडून कोगनोळीकडे गेलं की मात्र हा कर डोळ्यांना दिसतो, कारण तिथून कर्नाटक सुरू होतं आणि डिझेलचा दर बदलतो. आमच्याकडे माल घेऊन येणारे ट्रकवाले टाकी तिकडेच भरतात. सीमेच्या अलीकडचे पंपवाले वर्षानुवर्षं याबद्दल कळवळून बोलतात, त्यांचं गिऱ्हाईक डोळ्यांदेखत पलीकडे जातं. कर्नाटकात २०२३ च्या ऑगस्टपासून गृहलक्ष्मीचे दोन हजार सुरू झाले आणि १५ जून २०२४ ला तिथल्या सरकारनं पेट्रोल तीन रुपयांनी आणि डिझेल साडेतीन रुपयांनी वाढवलं. हे पैसे गॅरंटी योजनांसाठीच वाढवलेत, असा आरोप विरोधकांनी केला. निपाणीत माझी मावसबहीण आहे, तिच्या घरी जेवताना यावर चर्चा झाली. तिचे दीर म्हणाले, ‘एका हातानं घेतात, दुसऱ्या हातानं देतात.’ ती म्हणाली, ‘भावजी, घेतात तुमच्या गाडीतनं आणि देतात माझ्या खात्यात. मला चालतंय.’ जेवणं तशीच झाली, पण तिचं म्हणणं मला पटलं. जास्त जाळणाऱ्याकडून जास्त घेऊन सगळ्यांना सारखं वाटलं, तर त्यात गरिबाचा फायदाच आहे. अडचण तिथे येते, जिथे गाडी नसलेल्या मावशीही बुट्टीच्या भाड्यातून तोच कर भरत असतात आणि पंगतीत बसून कुणीतरी त्यांना फुकटं म्हणतं.

२०१९ च्या महापुरात असं कुणी म्हणाल्याचं मला आठवत नाही. ऑगस्टचा पहिला आठवडा होता. पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं आणि शहर तुटलं. टँकर पलीकडे अडकले. पंपांवरचं उरलेलं पेट्रोल-डिझेल बचावकार्याच्या गाड्यांसाठी राखून ठेवलं. दूध नाही, भाजी नाही, कितीतरी भागांत पिण्याचं पाणी नाही. आपल्या ताटातली प्रत्येक वस्तू डिझेलवर चालत येते, हे त्या आठवड्यात लहान पोरांनाही कळलं. पाणी ओसरल्यावर सानुग्रह अनुदान आलं, खेड्यात कुटुंबाला दहा हजार आणि शहरात पंधरा हजार, त्यातले पाच हजार रोख हातात. पंचनाम्यावरून वाद झाले, उंबऱ्यापर्यंत पाणी आलेल्या घराला धरायचं की नाही यावरून शेजारी-शेजारी भांडले. पण ‘आमच्या टॅक्सचे पैसे चिखलीला आणि आंबेवाडीला कशाला?’ असं कुणी विचारलं नाही. उलट लोक घरातलं धान्य, कपडे, सतरंज्या घेऊन गेले. तेव्हा समोरच्याची गरज दिसत होती. महागाईचं पाणी दारात उभं राहिलेलं दिसत नाही, म्हणून त्यावरच्या मदतीला भीक म्हणायची सवय लागते.

महाराष्ट्रानं हे एकदा फार चांगलं करून दाखवलंय. रोजगार हमीची कल्पना वि. स. पागे यांची. १९६५ मध्ये तिचा पहिला प्रयोग झाला तो आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यात, तासगाव तालुक्यातल्या विसापुरात. १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर गेली, पुढे तिचा कायदा झाला. आणि तिच्या खर्चासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर आला. शहरातल्या पगारदारानं दुष्काळी भागातल्या मजुराच्या कामासाठी भरायचा कर, असं सरळ सांगून तो आणला गेला. बागायती जमिनीवरही त्यासाठी जादा आकारणी झाली, आणि जेवढं जमेल तेवढीच भर सरकारनं स्वतःच्या तिजोरीतून घालायची, असं ठरलं. कामगारांच्या पगारपत्रकात पी.टी.च्या रकान्यात मी दर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० लिहिते, ती त्याची खूण. नव्या मुलांना हा कर कशाचा, हे माहीत नसतं. मी सांगते. सांगितल्यावर आजवर एकानंही कुरकूर केलेली नाही. एका पोरानं तर विचारलं, ‘म्हंजे माझे पैसे माणला कुणाच्यातरी कामाला लागले असतील?’ माण त्याच्या आजोळचा तालुका होता.

त्या व्यवस्थेत देणारा, घेणारा आणि कारण, तिन्ही कागदावर होते. मजूर काम मागायचा, तो त्याचा हक्क होता, आणि मुख्यमंत्री बदलला म्हणून काम बंद पडत नव्हतं. दीड हजारांना असा आधार का मिळू नये? योजना कायद्यात बसवावी. रक्कम निवडणुकीवर नाही, महागाईवर ठरावी. कुणाचं नाव काढायचं असेल तर आधी नोटीस द्यावी आणि बाईला तिचं म्हणणं मांडायला तालुक्याच्या गावी एक माणूस बसवावा. इंधनावरचा कर घ्यायचा असेल तर घ्यावा, पण जगात तेल उतरल्यावर गुपचूप वाढवू नये आणि निवडणूक आली की गोठवू नये.

आणि एक लहान गोष्ट, जी उद्याही करता येईल. फौंड्रीतून राज्यातल्या गिऱ्हाइकाला जाणाऱ्या प्रत्येक बिलावर सीजीएसटी किती आणि एसजीएसटी किती, हे मला वेगवेगळ्या ओळींत छापावंच लागतं, नाहीतर बिल परत येतं. विजेच्या बिलावर वीज शुल्काची वेगळी ओळ असते. पंपावरच्या पावतीवर लिटर येतात, दर येतो, रक्कम येते, कराची ओळ येत नाही. केंद्राचा इतका, राज्याचा इतका, अशा दोन ओळी तिथे छापल्या जाव्यात, शंभरच्या पेट्रोलच्या पावतीवरसुद्धा. छापायचं मशीन पंपावर आहेच.